पोळ्याचा घास : मानाचा असावा, ढिगाचा नसावा

(रेडिओवरील शेती कार्यक्रमात केलेले भाषण)



पोळा जवळ आला की आपल्या नागपूर-वर्धेकडच्या गावांत एकच लगबग सुरू होते. बाजारातून नवे कासरे, वेसण, गोंडे, घुंगूरमाळा येतात. कोठ्यातल्या झुली बाहेर निघतात. आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावून, खांदा शेकून आपण त्याला उद्याच्या जेवणाचं आवतण देतो. वर्षभर ज्यानं खांदा दिला त्याला एक दिवस पाहुण्यासारखं वागवायचं, ही आपली रीत आहे. ती फार चांगली रीत आहे, आणि ती मोडा असं सांगायला मी आज आलेलो नाही.

मी सांगायला आलो आहे ते त्या जेवणाबद्दल. पोळ्याच्या दिवशी आपण बैलाला प्रेमानं जे खाऊ घालतो, त्यानंच पोळ्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बैल आजारी पडतात. काही दगावतात. हा काही दैवी कोप नव्हे आणि कुणाची नजर लागल्यानंही असं होत नाही. पोटाचा हा एक साधा हिशोब आहे. तो समजला तर सण तसाच होईल आणि जनावरही वाचेल.

बैल गेला म्हणजे काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. चांगल्या जोडीची किंमत आज लाखाच्या घरात जाते. शिवाय एक बैल गेला की दुसरा रिकामा उभा राहतो, कारण एका बैलावर वखर चालत नाही. उंचीला, चालीला, स्वभावाला जुळणारा जोडीदार बाजारात मिळेपर्यंत रबीची पेरणी येऊन ठेपते. पोळ्याच्या वेळी डवरणीची कामं सरत आलेली असतात, म्हणून तेव्हा ते जाणवत नाही. ते जाणवतं हरभऱ्याच्या पेरणीला.

एका पोळीची गोष्ट नाही

कुणी म्हणेल, "साहेब, आमच्या आज्या-पणज्यापासून बैलाला पुरणपोळी चारतो आहोत. तेव्हा काही झालं नाही, आता कसं होईल?" प्रश्न रास्त आहे.

एका पोळीनं काही होत नाही. दोन पोळ्यांनीही धडधाकट बैलाला सहसा काही होत नाही. पण पोळा फुटल्यावर काय होतं ते आठवा. आखरावर तोरणाखाली जोड्या उभ्या राहतात, झडत्या होतात, तोरण तुटतं आणि मग धुरकरी जोडी घेऊन घरोघर निघतो. प्रत्येक दारात मायमाउली पाय धुते, ओवाळते, पोळीचा नैवेद्य देते. धुरकऱ्याच्या हातावर बोजारा पडतो. प्रत्येक घराला वाटतं, आपण तर एकच पोळी दिली.

आता हिशोब करा. एक पुरणपोळी साधारण १०० ग्रॅमची धरू. तीस घरं झाली आणि प्रत्येक घरानं एका बैलाला एकच पोळी दिली, तरी त्याच्या पोटात ३ किलो पोळी गेली. त्यावर कुणी भात घातला, कुणी वडे, कुणी करंजी, कुणी कणकेचा गोळा. घरी परतल्यावर मालकानं आपल्या हातानं ताट वाढलं ते वेगळंच. आणि हे सगळं तीन-चार तासांच्या आत. एरवी याच बैलाला दिवसाकाठी किलो-दीड किलोच्या वर ढेप-चुनी मिळत नाही. बाकी सारं कुटार आणि कडबा.

पूर्वी आणि आता यात आणखी एक फरक पडला आहे. पूर्वी जवळपास प्रत्येक घरी जोडी असायची. ज्याचे बैल त्याच्या घरी जेवायचे आणि चार भाऊबंदांकडे जायचे. आता ट्रॅक्टर आले, गावातल्या जोड्या कमी झाल्या. पण घरं कमी झाली नाहीत, आणि पूजेची हौसही कमी झाली नाही. ज्यांच्या कोठ्यात बैल नाही ते दारात ताट घेऊन वाट पाहतात. म्हणजे जेवू घालणारे हात वाढले आणि जेवणारी तोंडं कमी झाली. आज्या-पणज्याच्या बैलापेक्षा आजच्या बैलाच्या वाट्याला जास्त पोळ्या येतात, त्या अशा.

बैलाचं पोट आपल्यासारखं नाही

आपल्याला एक पोट आहे. बैलाच्या पोटाला चार कप्पे आहेत : कोठीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरं पोट. यातलं पहिलं कोठीपोट सगळ्यात मोठं. मोठ्या जनावरात त्यात शंभर लिटरच्या आसपास माल मावतो. ते एका मोठ्या रांजणासारखं आहे असं समजा. त्या रांजणात डोळ्यांना न दिसणारे अब्जावधी सूक्ष्म जीव राहतात. बैल कुटार-कडबा खातो, पण तो पचवतात हे जीव. म्हणून आपण बैलाला चारा घालतो तेव्हा खरं तर या जिवांना जेवू घालत असतो.

हे जीव चाऱ्याला सरावलेले असतात. चारा हळूहळू आंबतो, त्यातून बैलाला ताकद मिळते. बैल निवांत बसून रवंथ करतो, तेव्हा तोंडातून लाळ पोटात जाते. ती थोडीथोडकी नसते, दिवसाला कित्येक बादल्या जाते. त्या लाळेत खाण्याच्या सोड्यासारखा क्षार असतो. पोटात जे थोडं आम्ल तयार होतं ते हा क्षार मारून टाकतो. निसर्गानं ही व्यवस्था फार उत्तम केली आहे.

आता या रांजणात एकदम ३-४ किलो पुरणपोळी, भात आणि कणीक पडली की काय होतं? पीठ बारीक दळलेलं, वर शिजवलेलं, त्यात गूळ. हे सगळं झपाट्यानं आंबतं. पिठावर आणि गुळावर वाढणारे जंतू काही तासांत भरमसाट वाढतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. आपलं ताक आंबट होतं तेही याच आम्लामुळे. चारा पचवणारे चांगले जीव त्या आंबटपणात मरून जातात. पोळी चावायला लागत नाही, रवंथ करायला लागत नाही, म्हणून सोड्याचं काम करणारी लाळही पुरेशी येत नाही. रांजण नासतो.

मग पुढचा भाग येतो, आणि जीव जातो तो इथे. पोटातलं हे दाट, आंबट पाणी अंगातल्या रक्तातलं पाणी आपल्याकडे ओढून घेतं. पोट पाण्यानं डबडबतं, पण अंग कोरडं पडतं. डोळे खोल जातात, लघवी कमी होते. आम्ल रक्तात उतरतं. जनावर झोकांड्या खातं आणि बसतं. वेळीच उपचार झाला नाही तर एक ते तीन दिवसांत मरू शकतं. डॉक्टर लोक याला पोटाची आम्लता किंवा ॲसिडोसिस म्हणतात. लग्नाच्या, तेरवीच्या पंगतीतला उरलेला भात आणि पोळ्या जनावरापुढे ओतल्यावर जे होतं, ते हेच.

मारबतीच्या दिवशी कोठ्यात डोकावा

या आजाराची लक्षणं खाल्ल्याबरोबर दिसत नाहीत. साधारण १२ ते ३६ तासांत दिसतात, फार खाल्लं असेल तर त्याच्या आधीही. बैलानं पोळ्याच्या संध्याकाळी खाल्लं, तर त्याचा त्रास दुसऱ्या दिवशी वर येतो. आणि दुसरा दिवस कोणता? पोळ्याची कर. त्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते, बडगे निघतात. गावोगावी पोरांचा तान्हा पोळा भरतो. घरातली माणसं लाकडी बैलाच्या कौतुकात असतात, कुणी मारबत पाहायला शहरात गेलेलं असतं, आणि खरा बैल कोठ्यात मान टाकून उभा असतो. कालच्या मिरवणुकीनं थकला असेल म्हणून आपण त्याला सोडून देतो. हातातला मोलाचा वेळ असा जातो.

म्हणून माझी विनंती अशी, की करीच्या दिवशी पहाटे, दुपारी आणि रात्री, तीन वेळा कोठ्यात डोकावा. प्रत्येक वेळी पाच मिनिटं पुरे. पाहायचं ते असं :

१. बैल रवंथ करतो आहे का? निवांत बसलेला बैल रवंथ करत असेल तर बहुधा काळजी नाही. रवंथ बंद पडली, चाऱ्याकडे तोंड फिरवलं, की सावध व्हा.

२. शेण कसं आहे? आधी शेण बंद होऊ शकतं. मग पातळ, फेसाळ, राखाडी-पिवळट आणि आंबूस वासाचं शेण पडतं. त्यात कधी डाळीचे, दाण्याचे कण दिसतात.

३. डावी कूस कशी आहे? मूठ डाव्या कुशीत दाबून धरा. निरोगी बैलाचं पोट मिनिटाला एक-दोन वेळा आतून हात ढकलतं. दोन-तीन मिनिटांत एकदाही ढकललं नाही, किंवा पोट हलवल्यावर पाण्यासारखं डचमळलं, तर पोट बंद पडलं आहे.

४. चाल कशी आहे? बैल दारुड्यासारखा झोकांडत असेल, दात खात असेल, पोटाला पाय मारत असेल, किंवा मान कुशीकडे वळवून बसून राहिला असेल, तर क्षणाचाही उशीर करू नका.

आजार उमगला तर काय करावे

मी शेतीखात्यातला माणूस आहे, जनावरांचा डॉक्टर नाही. म्हणून पहिली गोष्ट ही, की डॉक्टरांना बोलवा. आपल्या भागातल्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा आणि डॉक्टरांचा फोन नंबर पोळ्याच्या आधीच कोठ्याच्या दारावर खडूनं लिहून ठेवा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे, तोही लिहा. नागपूर शहराजवळच्या मंडळींना सेमिनरी हिल्सवरचं पशुवैद्यक महाविद्यालय ठाऊक असेल. ते १९५८ सालापासून तिथे आहे आणि आजारी जनावरांवर तिथे उपचार होतात.

डॉक्टर येईपर्यंत तुमच्या हातात एवढं आहे :

पोळी, भात, पीठ, ढेप, गूळ, सगळं ताबडतोब बंद करा. समोर फक्त वाळलेला कडबा किंवा तणीस ठेवा. खाल्लं तर बरंच आहे, कारण वाळला चारा चघळताना लाळ सुटते.

बैल उभा असेल तर त्याला थोडं थोडं चालवा. पळवू नका.

एकदम बादलीभर पाणी पुढ्यात ठेवू नका. थोड्या थोड्या वेळानं थोडं थोडं द्या.

डावी कूस फुगली असेल तर पुढचे पाय चढावर येतील असा बैलाला उभा करा. तोंडात कडुनिंबाची जाड काडी आडवी बांधा. तो ती चघळत राहतो, लाळ येते आणि ढेकर सुटायला मदत होते.

डॉक्टरांना फोनवर विचारा, की खाण्याचा सोडा द्यायचा का आणि किती. त्यांनी हो म्हटलं तर ते सांगतील तेवढाच सोडा पाण्यात पूर्ण विरघळवून पाजा. सोडा स्वयंपाकातला असावा, कपडे धुण्याचा नव्हे.

पाजताना मात्र फार जपा. मान आकाशाकडे उचलायची, जीभ बाहेर ओढायची आणि बांबूच्या नळकांड्यानं भसाभस ओतायचं, अशी आपल्याकडे सवय आहे. त्यानं औषध फुप्फुसात उतरतं, आणि पोटाच्या आजारातून वाचलेला बैल फुप्फुसाच्या आजारानं जातो. मान जमिनीला समांतर राहील इतकीच उचला. गालाच्या कोपऱ्यातून थोडं थोडं सोडा आणि प्रत्येक घोट गिळू द्या. बैल आडवा पडला असेल किंवा गिळत नसेल तर तोंडातून काहीही पाजू नका.

आता काय करू नये. बैलाचं पोट बिघडलं की कुणीतरी शहाणा सांगतो, आंबट ताक पाजा, लिंबू पिळा, गुळाचं पाणी द्या. पोट आधीच आंबट झालं आहे. त्यात ताक आणि लिंबू म्हणजे आंबटात आंबट, आणि गूळ म्हणजे त्या जंतूंना आणखी खाऊ. यातलं काहीही देऊ नका. फुगलेल्या कुशीत सुरी, टोचा खुपसू नका. डाग देऊ नका. त्यानं वेळ जातो आणि जनावराला यातना होतात.

डॉक्टर आल्यावर पोटातलं पाणी काढून आम्लता पाहतात. शिरेतून सलाईन आणि सोड्याचं औषध देतात. गरज पडली तर कोठीपोट उघडून नासलेला माल बाहेर काढतात. कधी निरोगी जनावराच्या पोटातलं पाणी आजारी जनावराला पाजतात, म्हणजे मेलेल्या सूक्ष्म जिवांच्या जागी नवे येतात. हे सगळं पहिल्या काही तासांत झालं तर गुण येतो. म्हणून डॉक्टरांना खरं सांगा : बैलानं काय खाल्लं, किती खाल्लं, केव्हा खाल्लं. "काहीच खाल्लं नाही, नुसता चारा खाल्ला," असं लाजेखातर सांगू नका. त्यात नुकसान बैलाचं आहे.

बैल बरा झाला तरी पुढचे पंधरा दिवस त्याच्या खुरांकडे लक्ष ठेवा. पोटातल्या या आम्लाचा परिणाम कधी कधी खुरावर होतो. खूर गरम लागतात, बैल जपून पाय टाकतो, लंगडतो. अशा बैलाला औताला जुंपू नका, डॉक्टरांना दाखवा.

मग पोळा साजरा कसा करायचा?

पूर्वीसारखाच करायचा. फक्त पाच गोष्टी पाळायच्या.

पहिली गोष्ट, बैलाला उपाशी मिरवू नका. सकाळी नदीवर, तळ्यावर धुऊन आणलं की त्याला पोटभर कडबा, कुटार आणि हिरवं गवत घाला, पाणी दाखवा, आणि तासभर बसून रवंथ करू द्या. भरल्या पोटाचा बैल पोळीवर तुटून पडत नाही, आणि थोडी पोळी पोटात गेली तरी ती चाऱ्यात मिसळते.

दुसरी गोष्ट, नैवेद्य मोजा. साऱ्या दिवसात मिळून एका बैलाला दोन पोळ्या, फार तर तीन. त्याही एकदम नाही, तुकडे करून, थांबून थांबून. कणकेचे कच्चे गोळे अजिबात नाहीत. भात नाही. तेलकट वडे-करंज्या नाहीत. म्हातारा बैल, आजारी बैल आणि वासरं यांना नुसता चिमूटभर प्रसाद.

तिसरी गोष्ट, दारोदारच्या पोळ्या टोपलीत घ्या. धुरकऱ्याच्या हातात एक टोपली किंवा स्वच्छ कापडी पिशवी द्या. मायबहिणींनो, तुम्ही पाय धुवा, ओवाळा, कपाळाला कुंकू लावा, आणि नखाएवढा घास बैलाच्या मुखाला लावून बाकीची अख्खी पोळी त्या टोपलीत टाका. नैवेद्य बैलाला पोचला, पोळी धुरकऱ्याच्या लेकराबाळांना पोचली. वर्षभर बैलाबरोबर तोही राबला आहे. त्याच्या घरी पुरण गेलं तर पोळ्याचा मान कमी होत नाही, वाढतो.

चौथी गोष्ट, बैलाच्या आवडीचं दुसरं द्या. ज्यांना पोळीवर समाधान नाही, त्यांनी बैलाच्या खऱ्या आवडीचं द्यावं. हिरव्या मक्याची पेंढी, नेपिअर गवत, बांधावरच्या ताज्या गवताचा भारा द्या. दारात आलेल्या बैलापुढे गवताची पेंढी ठेवणं हाही नैवेद्यच आहे. त्याच्या पोटातले सूक्ष्म जीव तर त्यालाच पंचपक्वान्न म्हणतील. रोजची ढेप रोजच्याएवढीच ठेवा. सण म्हणून दुप्पट करू नका.

पाचवी गोष्ट, उरलंसुरलं कोठ्यात नेऊ नका. सणाच्या रात्री पातेल्यात भात उरतो, पुरण उरतं. ते सकाळी आंबलेलं असतं. "माणसं खात नाहीत, तर जनावर खाईल," असं म्हणून ते गव्हाणीत जातं. तसं करू नका. ते शेणखताच्या खड्ड्यात टाका आणि वर माती ओढा, म्हणजे मोकाट जनावर तिथेही तोंड घालणार नाही. रात्री बैल पक्के बांधा. सुटलेला बैल पिठाच्या डब्यापर्यंत पोचला तर आपला सगळा हिशोब वाया गेला.

ताटातल्या बाकीच्या वस्तू

पोळीबरोबर पोटात काय काय जातं, तेही पाहिलं पाहिजे. २०१९ सालच्या पोळ्याला तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, पूजेच्या ताटात ठेवलेलं सोन्याचं मंगळसूत्र बैलानं पोळीसकट गिळलं. घरच्यांनी आठवडाभर शेण तपासलं. शेवटी शस्त्रक्रिया करून ते पोटातून काढावं लागलं. त्या वेळी लोक हसले, पण त्यात शिकण्यासारखं आहे. बैल घास चावून, पारखून खात नाही. जिभेनं ओढतो आणि गिळतो. जड वस्तू जाळीपोटात जाऊन बसते. तिथून काळीज वीतभर अंतरावर आहे. सोन्याचा दागिना निदान बोथट असतो. खिळा, तार, टाचणी असेल तर ती पोट फोडून काळजापर्यंत जाते.

म्हणून पूजेच्या ताटात दागिना, नाणं, काडेपेटी ठेवू नका. बैलाला दाखवायचा घास वेगळ्या पानावर ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीतला प्रसाद पिशवीसकट पुढे करू नका, कारण प्लास्टिक पोटात विरघळत नाही, वर्षानुवर्षं साचत राहतं. मिरवणूक संपली की बेगड, फुगे, टाचण्या, रंगीत कागद जनावराच्या अंगावरून त्याच रात्री काढा, नाहीतर शेजारचा बैल ते चघळतो.

हिरवा चारा द्या असं मी म्हटलं, त्यात एक सावधगिरी आहे. पोळ्याच्या सुमारास खरीप ज्वारी कोवळी असते. फुलोऱ्याआधीच्या कोवळ्या ज्वारीत, त्यातही पावसाच्या ताणानं खुरटलेल्या पिकात किंवा कापल्यावर आलेल्या फुटव्यात, विष असतं. त्यालाच आपण किरळ लागणं म्हणतो. त्यात जनावर तासाभरातही मरतं. म्हणून सणाचं हिरवं म्हणून कोवळ्या ज्वारीचा भारा कापू नका, आणि बैल मिरवताना पांदणीच्या कडेच्या ज्वारीत तोंड घालू देऊ नका.

गाय आणि घोडा

जे पोळ्याला, तेच पुढच्या सणांना. दिवाळीत वसुबारसेला गाय-वासराची पूजा होते. बलिप्रतिपदेला गायगोधन असतं, तेव्हा गाईला खिचडी चारतात. गाईचं पोट बैलासारखंच आहे, तेव्हा हिशोबही तोच. ओंजळभर खिचडी प्रसाद म्हणून द्या, टोपलंभर नको. गाभण आणि दुभत्या गाईच्या बाबतीत तर दुप्पट जपा. कोल्हापूर-सांगलीकडे आपल्या पोळ्यासारखा बेंदूर असतो, काही भागांत भाद्रपदात पोळा होतो. तिकडच्या पाहुण्यांनाही ही गोष्ट अवश्य सांगा.

घोडा बाळगणारे बांधवही हे वाचत असतील. नागपुरात लग्नाच्या वरातीसाठी घोडे पाळणारे लोक आहेत, आणि दसऱ्याला घोड्याची पूजा होते. घोड्याला चार कप्प्यांचं पोट नाही. त्याचं पोट शरीराच्या मानानं अगदी लहान, साधारण ८ ते १५ लिटरचं असतं. आणि त्याला उलटी करता येत नाही. जे गिळलं ते बाहेर पडायला एकच वाट, पुढची. म्हणून घोड्याला लाडू, पेढे, पुरणपोळी, हळद-मीठ घातलेला मसालेभात असलं काही देऊ नये. दसऱ्याला त्याच्या तोंडाला गुळाचा लहानसा खडा लावा, उभी चिरलेली दोन-चार गाजरं द्या, मूठभर भिजवलेले हरभरे द्या. गाजराचे गोल काप करू नका, ते घशात अडकतात. वरातीत पाहुणे कौतुकानं मिठाई भरवतात, त्यांना हात जोडून नाही म्हणा. घोडा जमीन खुरानं उकरत असेल, वळून वळून कुशीकडे पाहत असेल, घामाघूम होऊन लोळत असेल तर तो पोटशूळ आहे. तो थांबत नाही, डॉक्टरच लागतो.

गावानं एकदा बसून ठरवावं

शेतकरी बंधूंनो, हे काम एकट्या-दुकट्यानं होणारं नाही. तुम्ही तुमच्या बैलाला दोनच पोळ्या घातल्या, पण शेजारच्या वीस घरांनी ऐकलं नाही, तर हिशोब तुटला. म्हणून पोळ्याच्या आठ दिवस आधी पारावर, ग्रामपंचायतीत किंवा महिला बचतगटाच्या बैठकीत एकदा बसा आणि ठरवा : "यंदा आमच्या गावात बैलाला घास, टोपलीत पोळी." आखरावर तोरणाखाली जोड्या उभ्या असतात तेव्हा पाटलांनी किंवा सरपंचांनी भोंग्यावरून हे एकदा सांगावं. शाळेतल्या गुरुजींनी तान्हा पोळ्याच्या पोरांना सांगावं. पोरं घरी जाऊन आईला सांगतात, आणि आईनं मनावर घेतलं की घरात नियम होतो.

आपल्या गवळाऊ बैलाचं नाव त्याच्या चालीसाठी आणि काटकपणासाठी आहे. उन्हातान्हात, चिखलात तो राबतो, पण मला भूक नाही, आता पुरे, असं त्याला सांगता येत नाही. समोर आलं ते तो खातो, कारण हात आपल्या धन्याचा असतो. त्याच्या पोटाचा विचार आपणच करायचा आहे.

लक्षात ठेवा

१. मिरवणुकीआधी पोटभर चारा, पाणी आणि तासभर रवंथ.
२. साऱ्या दिवसात मिळून एका बैलाला दोन ते तीन पोळ्या. त्यापेक्षा जास्त नाही.
३. कच्ची कणीक, भात, वडे आणि शिळे अन्न बंद.
४. दारोदारची पोळी टोपलीत घ्यावी, बैलाच्या मुखाला फक्त घास लावावा.
५. पूजेच्या ताटात दागिना, नाणे, प्लास्टिक नसावे.
६. कोवळी किंवा खुरटलेली ज्वारी घालू नये.
७. करीच्या दिवशी पहाटे, दुपारी, रात्री रवंथ, शेण, डावी कूस आणि चाल पाहावी.
८. रवंथ बंद दिसताच डॉक्टरांना बोलवावे. ताक, लिंबू, गूळ पाजू नये.
९. डॉक्टरांचा नंबर आणि १९६२ हा क्रमांक कोठ्याच्या दारावर लिहून ठेवावा.

हे पत्रक वाचून झाल्यावर घडी करून ठेवू नका. कोठ्यात खुंटीला लावा आणि शेजाऱ्यालाही वाचून दाखवा. यंदाच्या पोळ्याला तुमची जोडी सजूदे, तोरणाखाली दिमाखानं उभी राहूदे, आणि करीच्या पहाटे तुम्ही कोठ्यात जाल तेव्हा ती निवांत बसून रवंथ करत असलेली दिसूदे, हीच इच्छा.

नमस्कार.